बिरोबाच्या वाटेवर अडकलेली बॅटरीची गाडी

आमच्या घरात आलेलं कुठलंही वाहन आधी बिरोबापुढं जातं आणि मग कामाला लागतं. हे कुणी ठरवलं ते मला विचारू नका. सासरे मेंढरं घेऊन कोकणाकडं निघायचे, तेव्हा निघायच्या आधी सगळा कळप देवळाभोवती एकदा फिरवून न्यायचे. पुढं मेंढरं कमी झाली, ऊस आला, कांदा आला, पण ते फिरवणं काही सुटलं नाही. सायकल फिरली, मोटरसायकल फिरली, ट्रॅक्टर फिरला, दुधाचा पिकअप फिरला. पुतण्यानं तर कडबाकुट्टीचं मशीन ट्रॉलीत घालून फिरवून आणलं. म्हटलं, बाबा, ह्याला पळायचंय कुठं?

तर नात तिच्या कंपनीची गाडी घेऊन गावाला, न्हावऱ्याला येणार म्हटल्यावर आमच्या ह्यांनी आदल्या दिवशीच भंडारा आणून ठेवला होता. ह्यांना सगळा गाव आबा म्हणतो, नातही आबाच म्हणते.

नात शिकून इंजिनियर झाली. पुण्याच्या कडेला एका लहानशा कंपनीत लागली. मोजकीच पोरं-पोरी, आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच खूळ, बॅटरीवर पळणारी स्पोर्ट्स गाडी करायची. शर्यतीच्या गाड्या असतात ना, जमिनीला चिकटलेल्या, तशी. वर्षानुवर्षं खपून त्यांची पळणारी अशी एकच गाडी तयार झाली होती. नात घरी यायची होती त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती गाडी बघायला बाहेरची मोठी माणसं कंपनीत येणार होती. त्यांना गाडी पटली तर कारखाना उभा राहणार, नाही पटली तर सगळं तिथंच थांबणार. त्याआधी एकदा लांबवर चालवून बघायची होती, म्हणून नात दौंडकडनं फेरी मारून घरावरनं जाणार होती.

गाडी आली ती कळलीच नाही. मी दारात लसूण सोलत बसले होते. मान वर केली तर गाडी समोर उभी. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

"आगं, आवाज कुठंय हिचा?" मी म्हटलं.

"आवाज नसतोच आजी. इंजिनच नाही तर आवाज कशाचा?"

मुलगा, म्हणजे तिचा बाप, नात त्याला दादा म्हणते, गाडीभोवती फिरून आला. तोंडानं कधी कौतुक करायचा नाही. म्हणाला, "हितं पाण्याच्या मोटारीला लाईट मिळंना, आन् ही निघाली बॅटरीवर शर्यती लावाया."

"दादा, अजून थोडी वर्षं थांबा. पेट्रोलची शर्यतीची गाडी बघायला म्युझियममध्ये जावं लागेल."

"आन् ही कोण घेणार? न्हावऱ्यातलं कोण?"

"तुम्ही नका घेऊ. तुम्ही पिकअपच चालवा."

मग तिनं मला शेजारी बसवलं आणि डांबरी रस्त्यावर थोडं नेऊन आणलं. काय सांगू, पायाचं जरा दाबलं की पाठ मागं सीटला चिकटायची. आवाज मात्र नुसता वाऱ्याचा. मी विचारलं, बॅटरी कुठं असते गं एवढ्या गाडीत? ती म्हणाली, "आपल्या पायाखालीच आजी. सगळा तळ म्हणजे बॅटरीच. जड असते ना, म्हणून खाली पसरलेली. त्याच्यामुळं वळणावर गाडी उलटत नाही." तिच्या तोंडावर जे होतं ते मी तिच्या दहावीच्या निकालालाही बघितलं नव्हतं.

घरी आलो तर हे टोपी घालून तयार.

बिरोबाचं देऊळ पाटाच्या पलीकडं, माळावर. वाट उसाच्या ट्रॉल्यांची. दोन्ही बाजूंनी चाकोऱ्या खोल गेलेल्या आणि मधे मातीचा उंचवटा. नात आधी पायी जाऊन बघून आली.

"आबा, गाडी लई बसकी हाय. खाली चार बोटं जागा न्हाई. हितनंच पाया पडते."

"मंग देवानं काय हायवेला यायचं व्हय गाडी बघाया?"

"तसं न्हाई ओ."

"पिकअप गेला, ट्रॅक्टर गेला. तुझी काय देवापरीस मोठी झाली का?"

ह्यांनीच तिला मांडीवर बसवून ट्रॅक्टरचं स्टेअरिंग धरायला शिकवलं होतं. ह्यांना नाही म्हणणं तिला कधी जमलं नाही. म्हणाली, बरं, एक चाक उंचवट्यावर आणि एक कडेच्या गवतावरनं, असं हळू हळू नेते.

हे आणि पुतण्या पुढं चालले, मधे गाडी, आणि मी आरतीचं ताट घेऊन मागनं. माझे गुडघे कामातनं गेलेत, त्यामुळं मी आपली लांब मागं राहिले. पाटाच्या अलीकडं गवताची कड ढासळली, चाक चाकोरीत उतरलं आणि गाडी पोटावर बसली. चाकं फिरायची, माती उडायची, पण गाडी जागची हलेना. नात उतरली. वाकून बघितलं आणि फोन काढला. तिथं रेंज नसते, पाटाच्या भरावावर चढावं लागतं. जाताना ती सांगून गेली, "कुणी हात लावू नका, मी कंपनीत विचारून येते."

आता आमच्याकडच्या माणसाला अडकलेलं वाहन समोर ठेवून हात लावू नको म्हणणं म्हणजे काय, हे गावाकडच्यांना सांगायला नको. उसाच्या भरल्या ट्रॉल्या इथं बाहेर निघतात. मेंढरांनी भरलेले पिकअप निघतात. सगळ्यांची रीत एकच. पोटाखाली पहार घालायची, पहारेखाली दगड द्यायचा आणि माणसांनी लोंबकळायचं. पुतण्या शेतातनं पहार घेऊन आला. वाटेनं जाणारे दोघं मिळाले. मला हे सगळं लांबून दिसत होतं. तळ म्हणजे बॅटरीच, हे मला अर्ध्या तासापूर्वी कळलेलं, ह्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी ओरडले, पण वारा माझ्याच तोंडावर होता. ताट खाली ठेवून चालायला लागले, पण गुडघे चालू देतील तेवढंच चालणार ना.

"व्हय, बसा... अजून बसा... आली," पुतण्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

गाडी निघाली. पुढं सपाट जागा होती, तिथं ढकलत नेली. ह्यांनी तिच्यावर भंडारा टाकला आणि मी पोचले तेव्हा म्हणाले, "कुठं राहिलीस? काम झालं बी."

नात भरावावरनं उतरली. गाडी मोकळी बघून आधी हसली, मग तिला पहार दिसली. आत बसली, तर स्टेअरिंगपुढच्या पडद्यावर लाल खुणा पेटलेल्या आणि गाडी चालू होईना. खाली उतरून तिथंच मातीत उताणी झोपली आणि फोनच्या उजेडात तळ बघत राहिली. बराच वेळ बघत होती. उठली तेव्हा पाठ सगळी हळदीनं आणि मातीनं भरलेली.

"सगळे लांब व्हा. त्या बाभळीपाशी जाऊन बसा."

"का गं?" हे म्हणाले.

"वायरीत बिघाड झालाय आबा. पेट घेऊ शकते." बॅटरीचं आणि पहारेचं नाव तिनं घेतलं नाही.

"मंग पाणी मारू की. पाटाला पाणी हाय."

"न्हाई आबा. काही मारायचं न्हाई."

"माती टाकू?"

"काहीच न्हाई करायचं. नुसतं बसायचं."

आम्ही बसलो. ज्या माणसांनी आयुष्यभर तारेनं आणि सुतळीनं इंजिनं चालू केली, ती बाभळीखाली हात मांडीवर ठेवून बसून होती. ऊन कलत गेलं. गाडी लांब त्या सपाट जागेवर भंडाऱ्यानं पिवळी होऊन उभी. धूर येतोय का, म्हणून सगळे तिकडंच बघत होते. मधेच हे पुतण्याला म्हणाले, "शेळ्या त्या बाजूला चरत्यात, हाकलून आण." त्यांना तेवढंच करता येत होतं. पुतण्यानं शेळ्या आणल्या आणि मग माझ्या शेजारी बसला. खालच्या आवाजात म्हणाला, "काकी, आमच्यामुळं झालं व्हय?" मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं. कळत होतं तरी तसंच म्हटलं.

दिवस बुडायच्या बेताला कंपनीचा टेम्पो आला. गाडी ओढून वर घेतली. नातीला म्हटलं दोन घास खाऊन जा. ती म्हणाली, नको. टेम्पोत पुढं बसून निघून गेली. भाकरी तशीच बांधलेली राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला.

"आली होती का माणसं?"

"आली. बघून गेली."

"मग?"

"उभ्या गाडीकडं बघून काय बोलणार आजी. चहा प्यायले, फोटो काढले."

जेवलीस का, एवढंच मी विचारलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी ती सुट्टी घेऊन आली. चुलीपाशी बसून मला सांगितलं की स्पोर्ट्स गाडीचं काम बंद केलं. ती गाडी ताडपत्रीखाली ठेवलीय. कंपनी आता माल वाहायच्या बॅटरीच्या रिक्षा करणार. मी म्हटलं, रिक्षा काय वाईट, आपल्या गावातही चालेल. ती हो म्हणाली.

मग मी विचारलंच. "पहारेमुळं गं?"

"ते आता कुणालाच कळायचं न्हाई आजी. परदेशातल्या मोठमोठ्या कंपन्यांनीसुद्धा अशा गाड्या पुढं ढकलल्यात. श्रीमंत लोकं म्हणतात, आवाज न्हाई तर मजा न्हाई. कदाचित आपली पळाली असती तरी ते नको म्हणाले असते. कदाचित हो म्हणाले असते." लाकूड आत सारत ती म्हणाली, "अशा गाड्या येणारच आहेत. आपली नसेल, एवढंच."

"आबांना सांगितलंस?"

"काय सांगू?"

माझा हात सारखा पिठाच्या परातीत जायचा आणि रिकामाच बाहेर यायचा. तरण्या पोरीची एवढी वर्षं गेली, ती कुणी नेली हेसुद्धा सांगता येईना. भांडायचं तरी कुणाशी? ह्यांच्याशी भांडले असते तर त्यांनी जेवण सोडलं असतं, आणि गाडी काही परत पळाली नसती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर हे घरात नव्हते. नात म्हणाली, चल बघू. पाटाकडं गेलो तर हे वाटेवर. ट्रॉलीभर मुरूम आणून टाकलेला आणि हे एकटेच खोऱ्यानं चाकोऱ्या बुजवत होते. मधला उंचवटा कुदळीनं खणून काढलेला. बरंच काम झालं होतं. आम्हाला न सांगता किती दिवस सकाळचे येत होते कुणास ठाऊक.

"आलीस?" नातीला बघून म्हणाले. "आता बघ, तुझी पुढची गाडी ह्या वाटेनं कशी जातीय. कवा आणतीस?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी पदर नीट करायला लागले.

"हितं अजून खोल हाय आबा," ती म्हणाली. चपला काढून कडेला ठेवल्या आणि घमेलं उचललं.

हे मुरूम ओढत होते आणि ती भरून टाकत होती. ऊन वर यायला लागलं. चहाला चला म्हणून हाक मारावी असं दोनदा मनात आलं, पण मारवली नाही. मी तिथंच भरावावर बसून राहिले.