वाडीतला बांधलेला माणूस

माकुणसारचं ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही. एका बाईंनी आपल्या तरुण मुलाला चिकूच्या वाडीत साखळीने बांधून ठेवलंय, असा निनावी फोन आमच्या पोलीस ठाण्यात आला. अशा फोनांमागे बहुतेक वेळा भाऊबंदकी असते, तरी जावं लागतंच.

या वेळी बातमी खरी निघाली. पंपाच्या खोलीत तिशीचा दांडगा माणूस, पायात साखळी, तिला कुलूप. आईचा हात प्लास्टरमध्ये. बेकायदा डांबून ठेवल्याचा गुन्हा सरळ दिसत होता.

साखळी कापून दोघांनाही ठाण्यात आणलं. बाई एकच सांगत राहिल्या, "मीच बांदलं." हात कसा मोडला? "चिकू काडताना पडले." झाडावरून पडलेली माणसं मी खूप पाहिलीत. त्यांच्या दंडावर बोटांचे वळ नसतात.

"मावशी, एका हाताने एवढ्या माणसाला बांधलंत कसं?" कुलपाची चावी मागितली, तर ती त्यांच्याकडे नव्हतीच. मुलाची झडती घेतली. चावी त्याच्याच खिशात होती.

"डोकं फिराया लागलं की मीच लावतो, साहेब," तो म्हणाला. "एकदा फिरलं की चावी लावाया सुचत नाय. आयचा हात मीच मोडला. तिला सोडा."

त्याला लहानपणी मेंदूज्वर झाला, तेव्हापासून हे रागाचे झटके. औषधांचा उपयोग होत नव्हता. मुंबईच्या डॉक्टरांनी मेंदूची शस्त्रक्रिया सुचवली होती. त्याला ती हवी होती, आईला नको. "डोकं उगडल्यावर तो माजा ऱ्हाईल काय?" त्यांनी मला विचारलं.

कायद्याने मात्र प्रश्न आईचा नव्हता. अशा शस्त्रक्रियेला रुग्णाची स्वतःची संमती आणि मानसिक आरोग्य मंडळाची मंजुरी लागते. आम्ही त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे नेलं, तिथून उपचारांना पाठवलं. त्याने संमती दिली. मंजुरीला वेळ लागला, पण शस्त्रक्रिया झाली.

पुढे एकदा त्या बाजूला गेलो असता मुद्दाम घरी डोकावलो. "राग येतो, साहेब," तो म्हणाला, "पन आता उटून बाहेर जायाला सुचतं."

"माज्या बाजूला बसून जेवतो आता," आई म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मलाही फार बरं वाटलं.

हात उचलणाऱ्याला भीती नसते, असं मी नोकरीभर धरून चाललो होतो. त्या घरात सगळ्यात जास्त घाबरलेला तोच होता.