घायपात कुणी मारली

घायपात ही काही कौतुकाने घरात ठेवायची गोष्ट नाही, असं माझं लग्न होऊन आल्यापासूनचं मत होतं. जाड, राखाडी-हिरवी पानं आणि प्रत्येकाच्या टोकाला काटा. हल्ली नर्सरीवाले तिला अगेव्ह म्हणतात आणि पांढऱ्या कुंडीत घालून ऑफिसच्या टेबलावर ठेवायला देतात. पण आमच्याकडची अस्सल कोकणातली होती, गुरं आत येऊ नयेत म्हणून गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, लावतात तसली. माझ्या सासऱ्यांनी फार वर्षांपूर्वी गावाहून येताना तिचं पिल्लू वर्तमानपत्रात गुंडाळून एसटीने आणलं आणि रंगाच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून त्यात लावलं. भांडुपला तिसऱ्या मजल्यावर, बाहेरच्या खोलीच्या ग्रिलमध्ये तो डबा असे. डबा गंजला की ते नवा आणत. किती वर्षांनी आणत, कुठल्या महिन्यात आणत, हे मी कधी विचारलं नाही. माझी ओढणी काट्याला अडकली की तेवढ्यापुरती मी बोलत असे, आणि ते मिशीत हसत असत.

मी कामाला वाघ आहे, पण माझ्या जिभेला हाड नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सासरे विसरायला लागले तेव्हा हे फार नडलं. गॅस चालू राहिला, एकदा केस कापून येताना रस्ता चुकले, चष्मा फ्रिजमध्ये सापडला. प्रत्येक वेळी मी म्हणायची, "विसरलात ना बाबा?" हे वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलं होतं की ते बरोबर असले तरी मी तेच म्हणायची. एकदा त्यांना असं बोलून झाल्यावर किल्ली माझ्याच पर्समध्ये निघाली. मी ती गुपचूप खुंटीला लावली.

त्या वर्षी गणपतीला नवरा त्यांना घेऊन गावी गेला. मला ऑफिसने रजा नाकारली, म्हणून मी एकटी मागे राहिले. आता सणाला घर स्वच्छ करायचं नाही म्हणजे काय? गणपती गावाला असला म्हणून काय झालं! मी माळे काढले, पंखे पुसले, आणि मग माझी नजर त्या गंजक्या डब्यावर गेली. डब्याच्या कडेने गंजाचं पाणी भिंतीवर ओघळून लाल पट्टा उमटला होता. शेजारणीने वास्तुशांतीला दिलेली निळी चिनीमातीची कुंडी कपाटावर नुसती पडून होती. म्हटलं, बाबांना खूश करूया.

गोणपाटात गुंडाळून घायपात उपटली. मुळं डब्याच्या आत गोल गोल फिरून घट्ट बसली होती, ती मी कात्रीने साफ कापून टाकली. आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत करतात, दर महिन्याला घरटी एक पिशवी मिळते. ती अख्खी पिशवी कुंडीत ओतली. झाड नीट उभं राहावं म्हणून चार बोटं खोल पुरलं आणि तांब्याभर पाणी घातलं. निळ्या कुंडीला खाली भोक नव्हतं. ते मला दिसलं होतं, खोटं का बोलू? पण भोक नाही म्हणजे भिंतीवर ओघळ येणार नाही, असा मी हिशेब केला. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता.

आणि मग गौरी-गणपती झाल्यावर मासे सुरू झाले. माझी आई मासे धुतलेलं पाणी गुलाबाला घालायची, तिचा गुलाब चाळभर प्रसिद्ध होता. कोकणातल्या माणसाच्या घरात ते पाणी मोरीत ओतणं म्हणजे पाप. तेव्हा बांगड्याचं पाणी, कोळंबीचं पाणी, सगळं मी त्या निळ्या कुंडीत घातलं. नवरा आधी एकटाच परत आला होता. कुंडी त्याच्या लक्षातही आली नाही. घरातली भिंत हलवली तरी त्याला कळायचं नाही. सासरे मात्र आपल्या धाकट्या भावाकडे गावीच राहिले होते.

नवरात्र तोंडावर आलं तेव्हा ते परतले. पिशवी खाली ठेवून, पाणीही न पिता सरळ खिडकीशी गेले. घायपातीची खालची पानं पिवळी पडून लोळत होती. त्यांनी मधल्या कोंबाला बोट लावलं, तर तो अलगद हातात आला. बुडाशी नुसता काळा चिखल होता आणि घाण वास.

"ह्या कुंडीत कोणी लावल्यान गो?" त्यांनी विचारलं.

ते रागावले नव्हते. मला त्यांनी उभ्या आयुष्यात आवाज चढवून काही म्हटलेलं नाही. म्हणूनच मला अजून समजत नाही, मी असं का केलं. मी म्हटलं, "तुम्हीच ना बाबा. गावाला जायच्या आधी. विसरलात?"

त्यांनी कुंडीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. "असात," म्हणाले. असेल. तेवढंच. आणि हात धुवायला गेले.

मी तिथल्या तिथे जीभ चावायला हवी होती. स्वयंपाकघरात जाऊन मी पोहे भिजवले. म्हटलं, झाड आहे, दोन दिवसांत विसरतील.

ते विसरले नाहीत. चष्मा विसरत, वार विसरत, जेवण झालंय की नाही हे विसरत. घायपात आपण मारली, हे तेवढं पक्कं लक्षात राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटाची किल्ली आणून माझ्या हातात दिली. सकाळचा चहा इतकी वर्षं ते स्वतः करत, माझ्यासाठीही कपभर ठेवत. तो बंद केला. खाली पेपर आणायला जाईनात. नवऱ्याने विचारलं तर म्हणाले, "घायपात लावूक मी पोरपणात शिकलंय. ताच विसारलंय, तर आता माझ्यावर कित्याक विश्वास ठेवतास?" नवरा मला म्हणाला, "बाबा एकदम खचलेत यार." मी हं म्हटलं. त्यालाही मी सांगितलं नाही. मला स्वतःची इतकी लाज वाटायची की संध्याकाळी मी स्टेशनवरून रिक्षा सोडून चालत यायची, घरी पोचायला तेवढाच उशीर.

कुंडी रिकामी करताना कडेला एक पिल्लू सापडलं होतं, मुठीएवढं, अजून घट्ट. ते मी कागदावर ठेवून कपड्यांच्या कपाटावर टाकलं. फेकायची हिंमत होईना, लावायचीही होईना. संक्रांत उलटून ऊन तापायला लागलं तरी ते जिवंत होतं. एका रविवारी नवरा बाहेर गेला होता तेव्हा मी ते सासऱ्यांपुढे ठेवलं आणि विचारलं, "बाबा, हे कसं लावायचं?"

आधी ते नको म्हणाले. मग म्हणाले, डबो आण. मी मोठा डबा आणला, तर, "एवढो मोठो कित्याक? ह्याका काय लग्न करुचा हा?" लहान डबा आणला. खिळा, हातोडा. भोकं त्यांनी स्वतः पाडली, एकही घाव चुकला नाही. कौलाचे तुकडे तळाशी, मग लाल माती, तिच्यात अर्ध्याहून जास्त जाडी रेती आणि विटेचा चुरा. वाळलेली मुळं तेवढी हाताने मोडली. "पावसात डबो बदलूचो नाय. उनाचे दिस धरूचे. दोन-तीन वर्सांनी, मुळां डब्यात मावनासी झाली काय. आणि मान वर ऱ्हवाक व्हयी." मान म्हणजे पानं जिथून फुटतात ती जागा. मी पाण्याचा तांब्या उचलला तर त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली. "आठ दिस पाणी नाय!"

तेव्हा मला रडूच फुटलं. मी सगळं सांगितलं. खत, निळी कुंडी, बांगड्याचं पाणी, आणि तुम्ही लावलंत असं मी म्हटलं ते.

त्यांनी हाताची माती झटकली. "म्हणजे मियां नाय?"

"नाही बाबा. मी."

"घायपातीक खत? आणि माशाचा पाणी?" ते हसायलाच लागले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नवरा दारातून आत आला तेव्हा ओरडून म्हणाले, "सुनेन मारल्यान तिका, मियां नाय!" नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं ते मी विसरणार नाही. पण त्या संध्याकाळी सासऱ्यांनी स्वतः चहा केला, तीन कप, आणि मी तो प्यायले. मला वाटलं, सुटले बाई.

सकाळी ते खिडकीशी उभे होते, नव्या डब्यापाशी. "ही मोठी होती ना गो आधी?" म्हणाले. "माझ्याच हातान गेली ती."

मी पुन्हा सांगितलं. पुन्हा तेच, म्हणजे मियां नाय? पुन्हा तसेच हसले, पुन्हा चहा टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मी घातलेलं खोटं त्यांच्या डोक्यात जाऊन बसलंय, आणि खरं मात्र रात्रभरही टिकत नाही. तेव्हापासून मी रोज सकाळी त्यांना पहिल्यापासून सांगते, कुंडीपासून माशाच्या पाण्यापर्यंत. पाच मिनिटं लागतात. दिवसभर त्यांचा चेहरा मोकळा असतो.

काल मला ऑफिसला उशीर होत होता. मी पायात चपला सरकवत होते, रिक्षा खाली हॉर्न मारत होती. ते खिडकीतून वळून म्हणाले, "माझ्याच हातान गेली गो ती."

मी म्हटलं, "असू दे बाबा," आणि दार ओढून घेतलं.