पैनगंगेपलीकडचा चहा

आमच्या मायच्या लेखी पैनगंगा ओलांडली की परदेश लागायचा. पलीकडची बोली कळत नाही, पाट्यांवरची अक्षरं वेटोळी, बायांच्या अंबाड्यात फुलं. आणि आपण कोणाचे कोण, हे तिथं कोणालाच ठाऊक नाही. मायला याच गोष्टीची भीती वाटायची. मला त्या मुलखाची तेवढीच गोष्ट हवी होती.

मी तेव्हा पांढरकवड्यात बारदान्याचा धंदा करत होतो. किराणा दुकानांतून, हॉटेलांतून रिकामी पोती उचलायची, झटकायची, शिवायची आणि सरकीच्या व्यापाऱ्यांना विकायची. सुरुवात एक सुई आणि सुतळीच्या गुंड्यावर केली होती. भाव करण्यात मला कोणी हरवलं नाही, हे मी आजही छाती ठोकून सांगतो. स्टँडजवळच्या हॉटेलवाल्याची साखरेची पोती मीच घ्यायचो. माझ्या हातचे पैसे तो खुशाल गल्ल्यात टाकायचा, पण माझा चहा बाहेर, कोनाड्यातल्या वेगळ्या कपात. आम्ही बौद्ध होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. एके दिवशी मी सरळ आत जाऊन बाकावर बसलो. तो हसत म्हणाला, "शेठ, आत लय गर्दी हाये. बाहेर कशी मस्त हवा हाये. बाहेरच पाठवतो."

आत तीन माणसं होती. शेठही म्हणाला आणि उठवलंही. शिवी दिली असती तर मी त्याची गचांडी धरली असती. त्या गोडव्याचं काय करावं, ते मात्र सुचलं नाही. मी उठलो. तो राग अजून उतरलेला नाही, आणि उतरावा असं मला वाटतही नाही.

त्याच हिवाळ्यात मी घरच्यांना हैदराबाद दाखवायला काढलं. चारमिनार हे निमित्त. मला मायला हॉटेलात टेबलाशी बसवून, चार लोकांत, सगळ्यांच्या कपांतला चहा पाजायचा होता. बाकी काही नाही.

पहाटे निघालेली गाडी नदीवर आली तेव्हा धुकं होतं. पूल दिसतच नव्हता, त्यामुळे गाडी पाण्यावरून अलगद सरकतेय असं वाटत होतं. सहा वर्षांची पोरगी बायकोच्या मांडीवर झोपली होती. माय काचेला नाक लावून बसली होती. "परदेश आला काय रे?" तिनं विचारलं. मी "आला" म्हणालो, आणि ती पदर सावरून ताठ बसली.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. आठवतो तो वाफेतून दिसल्यासारखा एक मुलूख. अत्तराचा आणि भाजल्या पावाचा वास मिसळलेली गल्ली. लाखेच्या बांगड्यांच्या दुकानापुढं गोठल्यासारखी उभी राहिलेली पोरगी. टांग्याच्या टापा. घाई कोणालाच नाही, जणू सगळं शहर दुपारची झोप काढून आत्ताच उठलंय आणि पुन्हा झोपणार आहे.

पहिल्या दिवशी आम्ही एका खानावळीत जेवलो. केळीच्या पानावर भाताचा डोंगर, त्यावर वरण, बाजूला लालभडक चटणी. मायनं ती बोटानं चाखली आणि तिचा चेहरा उजळला.

"अवं, हे तं आपली आंबाडी हाये!" ती सुनेला म्हणाली. "परदेशातबी पोचली म्हणावं."

ती पोटभर जेवली. मला वाटलं, झालं काम. पण संध्याकाळी एका इराणी हॉटेलाच्या दारात ती थबकली. टेबलांवर कपबशा मांडलेल्या पाहिल्या आणि गाठोडं छातीशी धरून पायरीखाली उतरली.

"तुमी घ्या. मी इथंच हावो."

"काहून? सकाळी खानावळीत नाही जेवली?"

"पानाचं येगळं बापू. खाल्लं का फेकून देल्लं. कोनाचं भांडं नसते त्यात."

दुसरा दिवसही असाच गेला. मी तिच्याशी बाजारात घासाघीस करतात तशी घासाघीस केली. आत नको तर दाराजवळच्या टेबलाशी बस. पूर्ण कप नको तर अर्धा घे. अर्धा नको तर नुसती बस, पिऊ नकोस. ती प्रत्येक वेळी मान हलवायची. असं गिऱ्हाईक मला जन्मात भेटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी परतीची गाडी होती. त्याच हॉटेलासमोर मी फुटपाथवर भडकलो.

"नदीत देव सोडले तवा तुहा हात नाही थरथरला, अन् कपाले भेतं?"

"हळू बोला न, लोक पाहून राह्यले," बायको म्हणाली.

"पाहू दे!"

माय शांतपणे म्हणाली, "देवाईनं कधी माह्यावर हात नव्हता उचलला."

मग तिनं सांगितलं. सांगताना माझ्याकडं नाही, रस्त्याकडं पाहत होती. लहानपणी बापाबरोबर जत्रेत गेली होती. तहान लागली म्हणून मिठाईच्या दुकानापुढचा पेला उचलला. दुकानदारानं तिला मारलं, ते ती विसरली असती. पण मग त्यानं बापाला सांगितलं, आता तू मार. आणि बापानं मारलं, सगळ्यांसमोर.

इतक्या वर्षांत तिनं हे मला कधी सांगितलं नव्हतं. मी माझा एक अपमान उराशी धरून शेकत बसलो होतो, आणि तिच्याजवळ हा होता. मी म्हणालो, "राहू दे माय. चाल, गाडीवर जाऊ."

पण पोरगी केव्हाच आत शिरून खुर्चीवर चढली होती आणि पाय हलवत हाका मारत होती, "आजी, ये न वं! इथं आरसेच आरसे हायेत!"

माय आत गेली. कशी गेली, ते मला आजही नीट सांगता येत नाही. नातीला खाली उतरवायला म्हणून गेली असेल. पण एकदा आत गेली ती बसली. चारी भिंतींना आरसे होते. वर पंखा हळूहळू फिरत होता आणि संगमरवरी टेबलावर त्याची सावली फिरत होती.

"आत्याबाई, तुमी तं चौघी झाल्या," बायको म्हणाली.

मायनं आरशांत पाहिलं. चार म्हाताऱ्या, चार हिरवी लुगडी, सगळ्या खुर्चीवर बसलेल्या. ती त्यांच्याकडं अनोळखी पाहुण्यांकडं पाहावं तशी पाहत राहिली.

खांद्यावर फडकं टाकलेला म्हातारा वेटर आला. "क्या होना अम्मा?"

अम्मा कोणाची, कुठली, त्यानं विचारलं नाही. चहा आला, दाट, बदामी रंगाचा. तिनं बशीत ओतला, फुंकर घातली आणि डोळे मिटून प्यायली. आम्ही तिघं तिच्या ओठांकडं पाहत होतो.

मग एक गोष्ट घडली. बशी रिकामी झाल्याबरोबर माय उठली आणि कपबशी घेऊन हात धुवायच्या नळाकडं चालू लागली. आमच्याकडं बाहेरचा कप ज्यानं प्यायला त्यानंच विसळून ठेवायचा असतो. तिनं नळ सोडला आणि पदरानं कप पुसायला घेतला. शेजारच्या टेबलावरचे दोघं वळून पाहू लागले. माझं डोकं तापलं. मी ओरडणार, तेवढ्यात म्हातारा वेटर तिच्याजवळ पोचला.

"अम्मा, ये काम आप करे तो मैं क्या घर जाऊं?" त्यानं हसत कप काढून घेतला. "बैठो. और एक लाता हूं."

तिला तो विनोद कळला की नाही, कोण जाणे. ती येऊन बसली. दुसरा चहा आला. हा तिनं सावकाश घेतला आणि तळाशी घोटभर राहू दिला. गाडीची वेळ होत आली होती. बायकोनं मला खुणावलं, पण माय उठेना. ती उष्ट्या कपाकडं पाहत बसली होती आणि मी आयुष्यात पहिल्यांदाच कोणाला घाई केली नाही.

वेटरनं येता येता आमचे कप उचलले, शेजारच्या टेबलावरचे उचलले आणि मोरीतल्या मोठ्या टबात सगळे एकदमच सोडले. मोरीजवळची बाई ते धुऊन फळीवर पालथे घालत गेली.

माय मान उंचावून पाहत होती. "आपला कोनता रे त्यातला?" तिनं विचारलं.

मी पाहिलं. पंधरा-वीस कप, सगळे सारखे, सगळ्यांवरून पाणी निथळत होतं.

"नाही समजत माय."

"हो न," ती म्हणाली. आणखी थोडा वेळ तिनं फळीकडं पाहिलं, मग गाठोडं उचललं.