खाकी कव्हरातली बकरी

खाकी कागदाचा वास आला, की मला भातकुलीजवळची, मी शिकवायचे ती दोन खोल्यांची शाळा आठवते. शाळेत गोष्टींच्या पुस्तकांचा पहिलाच गठ्ठा आला होता आणि मुख्याध्यापक सरांनी बजावलं होतं, "मॅडम, एक जरी पुस्तक फाटलं, तर कपाटाले कुलूप." म्हणून मी रविवारभर बसून प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर घातलं, वर सुबक नंबर टाकले. सोमवारी पुस्तकं सतरंजीवर मांडली. "हे घे, छान आहे," म्हणत मी ती एकेकाच्या हातातही दिली, तरी कुणी पान उलटेना. तेवढ्यात टर्रकन आवाज झाला. दुसरीतल्या एका मुलीनं कव्हर फाडलं होतं. मी रागावणार, तोच ती ओरडली, "मॅडम, बकरी हाये, सायकलवर! तुमी काहून झाकून ठेवली तिले?" मग काय, टर्र, टर्र, टर्र! "माह्यावर हत्ती हाये!" "मले दाखव, मले!" आवाज ऐकून सर दारात आले. मी घाईघाईनं खाकी चिंध्यांचा ढीग सतरंजीखाली सारू लागले. ती मुलगी मात्र पुस्तक घेऊन थेट त्यांच्याकडे धावली, "सर, बकरी पडते का? वाचा नं!" सरांनी माझ्याकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं आणि सतरंजीवर फतकल मारली. आता मी अकोल्यात असते. शेजारच्या आया विचारतात, "लेकराले कोणतं पुस्तक घेऊ?" मी म्हणते, "दुकानात लेकरू ज्याच्यावर झडप घालेल, ते घे. अन् बाई, घरी नेऊन त्याले कव्हर घालू नको."