कल्याणप्पाची बाज

सास्तुरात कल्याणप्पाला येडा म्हणायचे ते काही उगाच नव्हे. भूकंपानंतर गाव नव्यानं वसलं, स्लॅबचं पक्कं घर मिळालं, पण या गड्यानं तिथं एक रात्र पाठ टेकली नाही. उन्हाळा असो की हिवाळा, अंगणातल्या बाजेवर. पाऊस आला तर वर ताडपत्री. आत बायको जगदेवी, बाहेर हा, असा यांचा तीस वर्षांचा संसार!

बाज मात्र देखणी. बाजारात मिरची विकून आला की गडी सुतळी घेऊन बसायचा. कधी चटईची वीण, कधी शंकरपाळ्याची, कधी मधोमध फूल. चांगली घट्ट विणलेली बाज उसवायची आणि नवी नक्षी काढायची. लोक कौतुक करत, जगदेवीच्या मात्र तळपायाची आग मस्तकात जायची. त्यांची थोरली लेक गायत्री भूकंपाच्या त्या पहाटे भिंतीखाली गेली होती. पोरगी मातीत गेली आणि बापाला फुलं सुचतात, हे तिला कधी पचलंच नाही. तिनं सुतळीला हात लावला नाही, की त्याला कधी काही विचारलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर कल्याणप्पाची उजवी बाजू लुळी पडली. बाज सैल होत होत तिची झोळी झाली. भूकंपानंतर झालेला मुलगा महांतेश सोलापुराहून लोखंडी पलंग घेऊन आला आणि चांगल्या मनानं बापाला स्लॅबखाली निजवलं. झालं! म्हातारा छताला डोळे लावून पडला तो पडलाच. झोप नाही, पोटात अन्न नाही. बाहेर ट्रॅक्टर घुरघुरला तरी डाव्या हातानं पलंगाची कड धरायचा. डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत, थंडीत बाहेर काढू नका. महांतेशनं तेवढंच धरून ठेवलं.

जगदेवीला ते बघवेना. छताला भीत भीत या माणसाचा जीव जाऊ नये, एवढंच तिच्या मनात. तिनं बाज उसवली आणि स्वतःच विणायला बसली, त्याला न विचारता. इतकी वर्षं बघतेय, त्यात काय मोठं, असा तोरा! पायथ्याला वीण आवळणाऱ्या ताणाच्या दोरीसाठी जागा सोडायची असते, एवढंही बाईला ठाऊक नव्हतं. काठापर्यंत विणून टाकलं आणि वर बसली, तर ढुंगण भुईला टेकलं. तिथंच तिला रडू कोसळलं.

मग तिनं पलंग दाराशी ओढून घेतला. कल्याणप्पा जड जिभेनं सांगायचा, चुकलं की बोटं हलवायचा. दोन वर, दोन खाली. सुतळीनं तिचे हात सोलले. पण दुपार कधी कलली ते कळलं नाही, आणि कळलं तेव्हा ती दचकली. एवढ्या वेळात तिला गायत्रीवरची ती भिंत दिसली नव्हती. एरवी रोज दिसायची, भाकरी थापताना, लिंगपूजा करतानासुद्धा. दोरी खाली ठेवून तिनं विचारलं,

"कशापायी विणत होता हो तुमी?"

"हात मोकळे राह्यले की दगड उचलायला लागत्यात." त्यानं दम खाल्ला. "त्या दिशी म्या उचलले की. लई होते."

या माणसाला काळीज न्हाय, असं ती गावभर सांगत आली होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाज झाली. नक्षी वाकडीतिकडी, पण ताण पक्का. महांतेश कुरकुरला, तिनं त्याला गप्प केलं. भर उन्हात म्हाताऱ्याला बाहेर आणलं. त्यानं डाव्या हातानं वीण चाचपली, एका चुकलेल्या घरावर बोट थांबलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाला, आणि आभाळाखाली गाढ झोपला. काही दिवस असाच झोपून काढला, थोडंफार जेवलाही. मग एका सकाळी उठला नाही.

माती देऊन माणसं परतली. महांतेशनं आईला घरभर शोधलं. जगदेवी अंगणात होती. सगळी बाज उसवून तिनं सुतळीचा गुंडा मांडीशी घेतला होता आणि उशाकडून पहिला फेर घालत होती. आई, आत चल, असं तो दोनदा म्हणाला. पायथ्याची जागा तिनं आधीच बोटांनी मोजून सोडली होती.