बाथटबमधला अपोकॅलिप्स

अपोकॅलिप्स या शब्दाचा खरा अर्थ मला एका बाथटबनं शिकवला.

ऐंशीच्या दशकातला ऑगस्ट. अमेरिकेत पिस्कॅटवेमध्ये शिकत असताना मी आणि नागपूरचा विजय दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. करारात माणसं दोनच. पण भारतातून नवा विद्यार्थी आला, की त्याला जागा मिळेपर्यंत आपल्याकडे झोपवायचं, हा आमचा अलिखित धर्म! त्या आठवड्यात तिघं होते. (त्यांच्या लोणच्याच्या बरण्या धरल्या तर नऊ.)

भर दुपारी विजय खिडकीतून ओरडला, "अबे, हेलनमावशी येऊन राहिली!"

हेलनमावशी म्हणजे आमची ग्रीक घरमालकीण. जास्तीची माणसं ठेवली म्हणून तिनं गेल्याच महिन्यात वरच्या बिऱ्हाडाला बाहेर काढलं होतं. आता आम्ही पाचही जण रस्त्यावर येणार!

"बाथटबमध्ये उभे राहा!" मी नव्यांना हुकूम सोडला.

"दादा, चपला घालून?"

"चपला हातात घे!"

मी टबचा पडदा ओढला, बिनखिडकीच्या बाथरूमचा दिवा मालवला. काळोखात कुणीही दिसेना. माझ्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं.

मावशी गळका नळ बघायला आली होती. नेमका बाथरूममधला! तिनं बटन दाबलं. टबच्या वरचाच दिवा लागला आणि पांढऱ्या पडद्यावर तीन सावल्या उमटल्या, हातात चपला घेतलेल्या. त्यातली एक शिंकली.

"संपलं यार! अपोकॅलिप्स!" विजय पुटपुटला.

मावशी गर्रकन वळली. "तो शब्द आमचा आहे! मूळ अर्थ जगाचा अंत नव्हे. झाकलेलं उघड करणं! अंत वगैरे लोकांनी नंतर चिकटवलं." तिनं सर्रकन पडदा बाजूला ओढला. "पण याला अपोकॅलिप्स म्हणता येणार नाही. त्यासाठी आधी नीट झाकावं लागतं!"

आम्ही माना खाली घातल्या. ती मात्र त्या चपलांकडे बघत राहिली.

"माझे वडील इथं आले, तेव्हा एका खोलीत अकरा जण झोपायचे," ती हळूच म्हणाली. "यांना जागा शोधायला दोन आठवडे देते. आणि त्या बरणीत काय आहे?"

आज माझ्या घरात तीन बाथरूम आहेत आणि लपवायला एकही माणूस नाही. फार चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. ते तिघं मात्र भेटले की हमखास विचारतात, "दादा, मावशी दिवा लावेल हे तुम्हाला सुचलंच कसं नाही?"

मी घाईघाईनं विषय बदलतो. माझी पीएच.डी. प्रकाशावर होती.