मशेरीला तंबाखू म्हणायचं का?

शारजातल्या आमच्या शाळेत नववीच्या मुलांना व्यसनांविषयी प्रश्न विचारायचे होते. मुलांना धोका कशाचा हे कळलं, की त्याप्रमाणे कार्यक्रम आखायचा. समुपदेशक मी, म्हणून हे लोढणं माझ्या गळ्यात. "नाव लिहायचं नाही, कुणी रागावणार नाही," असं कितीही घसा फोडून सांगितलं, तरी सगळी कार्टी साळसूदपणे 'नाही'वर खुणा करत सुटली. त्यांचं तरी काय चुकलं? इथे बापाचा व्हिसा गेला की अख्ख्या घराने बॅगा भरायच्या.

तास संपल्यावर एक मुलगी रेंगाळली. घरचे रत्नागिरीचे. हळूच म्हणाली, "मॅम, मशेरी पण काउंट होते?"

मला हसूच फुटलं. शारजात, एसीच्या गारठ्यात, मशेरी! रायगडातलं आमचं परसदार डोळ्यांसमोर उभं राहिलं. तव्यावर तंबाखू काळा होईस्तोवर भाजणारी आई, आणि ठसका लागून शिव्या घालत बाहेर पळणारे बाबा. सकाळी ती पायरीवर बसून दातांना मशेरी लावायची, मी तिला टेकून. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारी माझी आई तेवढा वेळ हळू बोलायची. तो वास आजही मला फार आवडतो.

पण शेवटी आईचं तोंड उघडेनासं झालं, तेही मीच पाहिलं. डॉक्टरांनी कारण सांगितलं तेव्हा आम्हाला पटेना. मशेरी काय, ती तर दातांसाठी!

"हो गं बाळा," मी म्हणाले. "तंबाखूच ती."

मग तिने सांगितलं. अब्बा जाममध्ये अडकायला नको म्हणून पहाटेच दुबईला निघतात. मग अम्मी बाल्कनीत मशेरी लावत बसते, हिच्याही बोटावर चिमूटभर ठेवते आणि गावच्या गोष्टी सांगते. नंतर दिवसभर ती फारशी बोलत नाही.

"सोडशील ना?"

"आय विल, मॅम. बट देन, अम्मी माझ्याशी कधी बोलणार?"

आमच्या कार्यक्रमांत पोस्टरं असायची, भाषणं असायची. याला उत्तर नव्हतं.

"अम्मीला सांग, सकाळी मला भेटायला या. आपण तिघी बसू," मी म्हणाले. तंबाखूचं सांगायलाच बोलावतेय, असं मनाला बजावत होते. पण कोकणातली एक बाई सकाळी माझ्याशी बोलत बसेल, या नुसत्या कल्पनेने माझे डोळे भरून आले.